पेठेचा माल पेठेतच राहू द्या

पुण्याच्या शनिवार पेठेतले रहिवासी, वाडामालक, भाडेकरू, सोसायट्यांचे अध्यक्ष-सचिव, बांधकाम व्यावसायिक आणि पाडकामाचे ठेकेदार, आपणा सर्वांना एक विनंती.

हे आवाहन घाईने लिहिते आहे, कारण वेळ खरोखर थोडा आहे. दर वर्षी पावसाळा तोंडावर आला की महापालिकेकडून धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात आणि वर्षानुवर्षं मालक-भाडेकरू वादात अडकलेले वाडे चार-आठ दिवसांत जमीनदोस्त होतात. आधी कौलं आणि पत्रे निघतात. मग दारं-खिडक्या चौकटींसकट उपटल्या जातात, सागवानी खांब आणि तुळया रस्त्याच्या कडेला रचल्या जातात आणि रात्री ट्रक येऊन त्या घेऊन जातो. उरलेल्या भिंती, शहाबादी फरश्या, जोत्याचे घडीव काळे दगड या सगळ्यांवरून जेसीबी फिरतो. दुसऱ्या दिवशी तिथे नुसता राडारोडा असतो, आणि तोही पुढे कुठल्या तरी टेकडीच्या पायथ्याशी नाहीतर नदीकाठी जाऊन पडतो.

त्या वाड्याला खेटूनच एखादी चार मजली इमारत उभी असते. सत्तरच्या दशकातली, सिमेंटची, भिंतीवर पावसाच्या पाण्याचे काळे ओघळ, गॅलरीचे गज गंजलेले, जिन्यातल्या फरश्या उखडलेल्या. तिच्या लाकडी खिडक्या सडल्या म्हणून काढून टाकल्या आणि जागी पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा आल्या, त्यामुळे दुपारी घरात बसवत नाही. हिला चांगल्या लाकडाची गरज आहे, फरशीची गरज आहे, विटांची गरज आहे. हे सगळं पंधरा फुटांवर पडलेलं असतं आणि तिच्या डोळ्यांदेखत निघून जातं. ते सागवान शहराबाहेरच्या एखाद्या फार्महाउसला किंवा हॉटेलला लागतं, कड्या-कोयंडे बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात विकायला येतात, आणि आपल्या इमारतीचा सचिव मात्र नव्या दरवाज्यांची कोटेशनं गोळा करत हिंडतो.

म्हणून मागणं असं आहे: पेठेत उतरणाऱ्या वाड्यांचा आणि इमारतींचा धड माल पेठेतच ठेवा, आणि तो आपल्या नावडत्या सिमेंटच्या इमारतींच्या दुरुस्तीला वापरा.

नावडत्या हा शब्द मुद्दाम वापरला आहे. वाड्यांवर आपण सगळेच जीव टाकतो. त्यांचे फोटो काढतो, पाडला की हळहळतो. या इमारतींबद्दल मात्र कोणी बरा शब्द काढत नाही. पाहुणा आला तर आपणच म्हणतो, 'आमची बिल्डिंग काही बघण्यासारखी नाही.' पण त्या का उभ्या राहिल्या, हे जरा आठवून बघा. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं, आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा या पेठांमध्ये घुसलं. मातीच्या भिंतींचे वाडे त्या पाण्यात बसले. कित्येक कुटुंबं गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगरकडे गेली, काही निसन हट नावाच्या तात्पुरत्या निवाऱ्यांमध्ये राहिली. ज्यांनी पेठ सोडली नाही त्यांनी पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच अरुंद जागांवर, जमेल तेवढ्या पैशांत, सिमेंटचे मजले चढवले. पुन्हा पाणी आलं तरी भिंत विरघळणार नाही, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्या इमारतींनी दोन-तीन पिढ्यांना जागा दिली. मध्यमवर्गाला पेठेत स्वतःच्या मालकीचं घर घेता आलं ते यांच्यामुळेच. त्यांना कुरूप ठरवून मोडीत काढायचा आपल्याला अधिकार नाही.

आणि मोडीत काढू म्हटलं तरी पेठेच्या एका मोठ्या भागात ते करता येणार नाही. याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. 16 जून 1992 च्या अधिसूचनेने अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा 200 मीटरचा पट्टा नियंत्रित ठरला, आणि 2010 च्या दुरुस्तीने हे थेट कायद्यातच आलं. पहिल्या पट्ट्यात खासगी नवं बांधकाम नाही, पाडून पुन्हा बांधणंही नाही. त्यामुळे तिथल्या सोसायट्या गेली कित्येक वर्षं 'कायदा बदलेल, मग बिल्डर येईल' या आशेवर बसल्या आहेत. आशा ठेवायला हरकत नाही. पण तोवर गच्ची गळते आहे, सज्जाचे तुकडे रस्त्यावर पडताहेत, आणि 'रीडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च' म्हणून कोणी बादलीभर सिमेंटसुद्धा आणत नाही.

त्याच कायद्यात दुरुस्तीची वाट मोकळी ठेवलेली आहे. 16 जून 1992 पूर्वीपासून उभ्या असलेल्या इमारतीच्या मालकाला प्रतिबंधित पट्ट्यातही दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मजला वाढवणं किंवा पाडून बांधणं त्यात बसत नाही, पण आहे त्या इमारतीत फेरफार करणं बसतं. अर्ज करावा लागतो, कागद जोडावे लागतात, वेळ जातो, हे खरं. म्हणून तर आजच सुरुवात करा असं म्हणते आहे. परवानगी हातात पडेपर्यंत शेजारचा वाडा उतरलेला असेल आणि माल गेलेला असेल.

पट्ट्याबाहेरच्या सोसायट्यांनाही हे लागू आहे. चार गुंठ्यांपेक्षा लहान जागा, आठ फुटी बोळ, पार्किंगला जागा नाही, अग्निशमनाची गाडी आत वळत नाही. अशा जागांकडे कोणता विकासक फिरकणार?

आता मूळ प्रश्न: इमारत दुरुस्त होण्याजोगी आहे का? हे डोळ्यांनी ठरत नाही आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये मतं घेऊनही ठरत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि 30 च्या वरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. आपल्या पेठेतल्या बहुतेक इमारती दुसऱ्या वर्गात मोडतात. ऑडिटला इंजिनियर आला की त्याच्याबरोबर कमिटीतल्या एकाने तरी फिरा. तो खांबाचा एक कोपरा छिन्नीने फोडेल आणि ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर बिनरंगी द्राव फवारेल, फिनॉल्फ्थॅलीन. निरोगी काँक्रीट क्षणात गडद गुलाबी होतं. ज्या थरात हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरला आहे तो थर तसाच राखाडी राहतो. राखाडी थर वरच्या अर्ध्या इंचात संपत असेल आणि सळी गुलाबी भागात असेल, तर इमारतीचं बरंच आयुष्य शिल्लक आहे. राखाडी रंग सळीपर्यंत पोचला असेल तर सळी गंजायला लागलेली असते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून वरचं काँक्रीट फुगून सुटतं. छताच्या पोपड्यांमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. त्यावरही इलाज आहे: सुटलेलं फोडून काढणं, सळी घासून लख्ख करणं, जिथे ती झिजली आहे तिथे नवी जोडणं, गंजरोधक लावून पॉलिमरयुक्त मॉर्टर किंवा मायक्रो-काँक्रीटने पुन्हा भरणं, गरज असेल तिथे खांबाला जॅकेट घालणं. इथे मात्र जुना माल वापरायचा नाही. भंगारातून आणून सरळ केलेली सळी कोणी स्वस्तात देऊ केली तर त्याला दारातूनच परत पाठवा. सांगाड्याला नवं पोलाद, नवं सिमेंट आणि जबाबदारी घेणारा इंजिनियर, यात तडजोड नाही.

इंजिनियरने इमारत राहण्यालायक नाही असं लेखी दिलं, तर माणसं आधी बाहेर काढा.

सांगाडा एकदा धड झाला की बाकीचं सगळं पेठेच्या मालातून होऊ शकतं, आणि मी जे सांगते आहे ते आपल्या गवंड्या-सुतारांना नवं नाही. गच्चीच्या गळतीला आपण कोबा करतो तो विटांच्या तुकड्यांचाच. त्यावर चायना मोझॅक बसवतो ते फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं, आणि पांढरा रंग ऊन परतवतो म्हणून वरच्या मजल्याला उन्हाळ्यात सुखही मिळतं. एक सावधगिरी: जुन्या कोब्यावर दुसरा कोबा चढवू नका. आधीचा काढल्याशिवाय नवा घातला तर स्लॅबवरचं ओझं नुसतं वाढत जातं, आणि पेठेत अशा तीन-तीन थरांच्या गच्च्या आहेत.

वाड्याची वीट नीट निघते, कारण ती चुन्यात किंवा मातीत बसवलेली असते. हातोडीच्या हलक्या ठोक्याने चुना सुटतो आणि वीट अख्खी हातात येते. सिमेंटमधली वीट मात्र सांध्याऐवजी स्वतःच फुटते. म्हणून वाड्याची भिंत जेसीबीने ढकलणं हा शुद्ध अपव्यय आहे. निघालेल्या दोन विटा एकमेकींवर आपटून पाहा: खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली, भदभद आला तर बाजूला काढा. नखाने ओरखडा उठला तर तीही बाजूला. चोवीस तास पाण्यात ठेवून तिने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त पाणी प्यायलं तर तिला आतल्या बिनभाराच्या भिंतीतही घेऊ नका. चांगल्या निघतील त्या गच्चीच्या कठड्याला, पार्किंगच्या बुटक्या भिंतीला, कुंड्यांच्या कट्ट्याला आणि तळमजल्याच्या जाळीदार भिंतीला उत्तम.

शहाबादी फरशी वरून झिजलेली असली तरी खालून बहुतेक वेळा कोरी असते. उलटी करून, कडा कापून ती जिन्याला आणि पॅसेजला बसते. साठ-सत्तरच्या दशकातल्या घरांतली मोझॅक फरशी तर मशीनने घासली की पुन्हा चमकते, आणि आज तशी घ्यायची म्हटलं तर सोपी नाही. ती इमारतीतूनच निघत असेल तर फोडू नका. एका घरातल्या शंभर फरश्यांतल्या ऐंशी वाचल्या, तर दुसऱ्या घराच्या तुटलेल्या वीस भरून निघतात.

लाकडाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण खरी लूट तिथेच आहे. वाडा म्हणजे खणांचा सांगाडा: खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. सांधे खाच पाडून बसवलेले, म्हणजे हे सगळं कुऱ्हाड न लावता सुटतं. उलगडणारा सुतार हवा आणि त्याला दिवस मिळायला हवेत. सहा-आठ इंची तुळई पोखरलेली नसेल तर तिच्यातून आपल्या इमारतीच्या खिडक्यांच्या चौकटी आणि झडपा निघतात. झडपांची खिडकी दुपारी मिटून घेतली की वारा येतो आणि ऊन येत नाही, एसी घ्यायची वेळ लांबते. भुंगा किंवा वाळवी लागलेला तुकडा मात्र ओळखून बाहेर काढा. टोकं आणि भिंतीत गाडलेला भाग आधी तपासा, कीड तिथूनच सुरू होते. खिळे उपटल्याशिवाय करवतीला देऊ नका. आणि कृपा करून एक गोष्ट टाळा: सिमेंटच्या इमारतीच्या तोंडावर महिरपी आणि कमळं चिकटवून तिला वाड्याचं सोंग देऊ नका. जुनं लाकूड जिथे कामाला येतं तिथे लावा. सत्तरच्या दशकातली सरळ, साधी गॅलरी तिच्या साधेपणातच नीटस दिसते.

एस्बेस्टॉसचे जुने पत्रे कुठेही पुन्हा वापरू नका, तोडू-फोडू पण नका. त्यांचे तंतू फुप्फुसात जातात.

हे सगळं मनाचे मांडे नाहीत. नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला 'कोलाज हाउस' नावाचं घर आहे. वास्तुविशारद शिल्पा गोरे-शाह आणि पिंकिश शाह यांनी त्याची दर्शनी बाजू पाडलेल्या घरांच्या दारा-खिडक्या जोडून उभी केली. चीनमध्ये वांग शू यांनी निंगबो शहराचं संग्रहालय पाडलेल्या गावांच्या विटा-कौलांनी मढवलं. ते 2008 मध्ये पूर्ण झालं आणि 2012 मध्ये त्यांना वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला. ही दोन्ही बांधकामं नवी होती. आपल्या प्रश्नाच्या जवळचं उदाहरण फ्रान्सचं आहे. अ‍ॅन लाकाटों आणि जाँ-फिलिप व्हासाल ही जोडी साठच्या दशकातल्या नावडत्या सरकारी चाळीसारख्या इमारती पाडायला ठाम नकार देते. बोर्दोमध्ये त्यांनी तशा तीन इमारतींतली 530 घरं, रहिवाशांना बाहेर न काढता, दुरुस्त आणि प्रशस्त केली. 2021 चा प्रित्झकर त्यांना मिळाला. त्यांनी जुना माल वापरला असं मी म्हणत नाही. नावडती इमारत वाचवणं हे मोठं वास्तुकाम आहे, एवढं त्यांच्यामुळे जगाने मान्य केलं. आपल्या शहरातही साहित्य उचलून दुसरीकडे नेऊन बसवण्याची परंपरा आहेच. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले, ते आजही बाजीराव रस्त्यावर जाऊन बघता येतात.

पैशांचं सरळ सांगते. हे फुकट नाही. जेसीबीला जे दोन दिवसांत जमतं त्याला हाताने दोन-तीन आठवडे लागतात. विटा साफ करायला, खिळे उपटायला, लाकूड कापायला मजुरी लागते. काही वस्तू नव्यापेक्षा स्वस्त पडतील, काही नाही पडणार. पण ती मजुरी इथल्या सुताराच्या आणि गवंड्याच्या हातात जाते, आणि मिळणारं सागवान आजच्या दुकानातल्या लाकडापेक्षा कितीतरी मुरलेलं असतं. शिवाय जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला साधारण सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. उभा सांगाडा वाचवला की तेवढं सिमेंट भाजावंच लागत नाही. ज्याचं काहीच होणार नाही असा राडारोडा वाघोलीच्या प्रक्रिया प्रकल्पाकडे पाठवा, नदीकडे नको. भारतीय मानक 383 ने 2016 मध्ये जुन्या काँक्रीटच्या खडीला साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत परवानगी दिली आहे, म्हणजे त्या राडारोड्यालाही गिऱ्हाईक आहे.

आता प्रत्येकाकडे एकेक मागणं आहे.

वाडामालकहो, पाडकामाचा ठेका देण्याआधी पंधरा दिवस शेजाऱ्यांना सांगा. तुमच्या मालाची किंमत तुम्हाला मिळालीच पाहिजे, ती बुडवा असं कोणी म्हणत नाही. गल्लीतल्या सोसायटीला पहिली संधी द्या, तिने योग्य भाव दिला नाही तर खुशाल बाहेर विका. ठेकेदारांनो, तुमचा धंदा या मालावर चालतो हे आम्ही जाणतो. विटा आणि फरश्या तुम्ही आज फेकून देता, त्यांचे पैसे करून द्यायला आम्ही तयार आहोत. सोसायट्यांच्या सचिवांनो, आपल्याला काय लागणार आहे याची मापांसकट यादी करून नोटीस बोर्डावर लावा: इतक्या खिडक्या, इतके चौरस फूट फरशी, इतके फूट कठडा. यादी नसली की माल समोर असूनही घेता येत नाही. शहरातल्या वास्तुविशारदांनो आणि स्ट्रक्चरल इंजिनियरांनो, पेठेत लहानाचे मोठे झालेले तुमच्यातले कितीतरी आज कोथरूड-बाणेरला आहेत. महिन्यातली एक संध्याकाळ आपल्या जुन्या गल्लीला द्या.

आणि महापालिकेकडे दोनच गोष्टी मागायच्या आहेत. वाडा पाडायची परवानगी देताना, जिथे जीविताला तातडीचा धोका नाही तिथे, वापरण्याजोगा माल हाताने उतरवण्याची अट घाला. आणि पेठेत किंवा नदीपलीकडे आपल्या ताब्यातली एखादी बंद पडलेली, छप्पर असलेली जागा या मालाच्या कोठारासाठी द्या. माल आज निघतो आणि सोसायटीची परवानगी सहा महिन्यांनी येते, मधले सहा महिने तो कोरडा ठेवायला जागा नाही, इथेच सगळं अडतं. ती जागा मिळेपर्यंत ज्यांच्या तळमजल्याला रिकामं गोदाम आहे त्यांनी एका पावसाळ्यापुरतं ते उघडून द्यावं.

तुमच्या गल्लीत पुढचा वाडा कोणता उतरणार आहे, हे तुम्हाला आजच माहीत असतं. आज संध्याकाळी त्या मालकांकडे जा, त्यांच्याशी बोला, आणि येत्या रविवारी तुमच्या सोसायटीची सभा बोलवा.